जाळीमागचा सा

गिटार शिकवणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या दोन समजुती असतात. एक, तो तरुणपणी कुणाच्या तरी प्रेमात पडला असावा. दुसरी, त्याला दुसरं काही जमलं नसावं. माझ्या बाबतीत दुसरी खरी आहे. ऊर्जानगरच्या वसाहतीत, क्लबच्या मागच्या व्हरांड्यात मी जवळजवळ तीस वर्षं गिटारचा क्लास चालवला. वसाहतीतले बाकी सगळे वीज तयार करत किंवा वीज तयार करणाऱ्यांचे कोणीतरी लागत. त्यांच्यात मी एकटाच असा होतो की माझं काम बंद पडलं तर कुठेही अंधार झाला नसता.

तीस वर्षांत किती गाणी शिकवली, असं लोक विचारतात. फार थोडी. माझा निम्मा वेळ दुसऱ्यांच्या गिटारी सुरात लावण्यात गेला आणि उरलेला त्यांच्याकडून स्केल वाजवून घेण्यात. स्केल म्हणजे आपले आरोह-अवरोह. सा पासून वरच्या सा पर्यंत एकेक पायरी चढायची आणि आलो त्याच पायऱ्यांनी उतरायचं. यात गंमत काही नाही. दात घासण्यातही नसते. बॉयलर विभागातले एक साहेब निवृत्तीच्या निरोप समारंभात वाजवायचं म्हणून माझ्याकडे आले आणि चौथ्या दिवशी विचारते झाले, "सर, हे स्केलचं पोर्शन कधी कम्प्लीट होते?" मी म्हणालो, माझं अजून चालू आहे. ते पाचव्या दिवशी आले नाहीत. निरोप समारंभात त्यांनी कविता वाचली, असं ऐकलं.

आमच्या गिटारी मात्र इतर गिटारींसारख्या नव्हत्या. त्या खाली लावलेल्या होत्या, आणि याला आधी कारण झाला तो चंद्रपूरचा उन्हाळा.

गिटारच्या सहा तारा मिळून दांडीला जो ताण देतात तो एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढा असतो. चांगल्या लाकडाची दांडी तो सोसते. आमच्याकडे येणाऱ्या गिटारी प्लायवूडच्या होत्या. मे महिन्यात दुपारी लोखंडी कपाटावर ठेवलेली गिटार संध्याकाळी धनुष्य होऊन खाली येई. काहींचा तारा बांधलेला तळाचा तुकडा डिंकासकट उखडून निघे, तो आवाज ऐकून शेजारी धावत. दोन-तीन गिटारी अशा गेल्यावर मी सगळ्यांच्या तारा सैल करायचं ठरवलं. सगळ्या सारख्या सैल केल्या की वाजवण्यात काही फरक पडत नाही. बोटं त्याच जागी पडतात, पायऱ्या त्याच राहतात, फक्त अख्खा जिना खाली सरकतो.

सैल तारेचे गुण-दोष असे. नवशिक्यांची बोटं सोलत नाहीत, हा गुण. तार खडखडते, हा दोष. आणि एक गोष्ट अशी की जिला गुण म्हणावं की दोष हे मला अजून ठरवता आलेलं नाही: सैल तार जोरात दाबली की तिचा सूर वर पळतो. त्यामुळे बोट हलकं ठेवावंच लागतं. माझ्या क्लासचा विद्यार्थी दुरून ओळखू येई. तो तारेला असा हात लावी, की जणू ती झोपली आहे.

आता प्रश्न असा की खाली म्हणजे किती खाली? माझ्याकडे सूर लावायची एक छोटी पिपाणी होती. एका पावसाळ्यात तिची पाती गंजली आणि ती सर्दी झाल्यासारखी वाजू लागली. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की व्हरांड्यासमोर, लोखंडी जाळीच्या आत, वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर उभा आहे आणि तो अखंड घुमतो. एकाच सुरात. आमची सैल केलेली पाचवी तार त्याच्या अगदी जवळ येत होती.

दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत, की त्यांच्यात एक डुलणं ऐकू येतं. वाँव, वाँव, वाँव, असं. जसजसे जुळतात तसतसं ते मंदावतं, आणि जुळले की थांबतं. मुलांना मी एवढंच सांगत असे: जाळीकडे कान लावा, खुंटी पिळा, डुलणं थांबलं की थांबा. पिपाणीपेक्षा हे सोपं होतं. बारा गिटारी पाच मिनिटांत लागत. उन्हाळ्यात राज्यभर कूलर सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरचा सूर केसभर उतरे. मग आम्हीही उतरत असू, राज्याबरोबर.

जगाच्या हिशेबाने आम्ही एक सूर खाली होतो, पण पुरता एक सूरही नाही. मधेच कुठेतरी. क्लबच्या पेटीशी आमचं जुळत नसे, त्यामुळे पेटीवाले आमच्याशी बोलत नसत. आपसात मात्र आम्ही ठणठणीत सुरात होतो. बऱ्याच संस्था याच तत्त्वावर चालतात.

याच काळात नामदेव मडावी माझ्याकडे आला. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, वय चाळिशीला टेकलेलं, मूळचा एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावचा. स्टीअरिंग धरून धरून बोटं जाड झालेली. शिफ्टची बस सोडून आला की तो व्हरांड्याच्या टोकाला बसून तासभर स्केल वाजवी. एकदा मी म्हटलं, "नामदेव भाऊ, आता एखादं गाणं घेऊ या."

"नोको सर. मले हे चढ-उतारच बरं वाटते," तो म्हणाला. "गाणं म्हटलं का चुकाचं भेव लागते. इथी का, चढलो का उतरलो. गाडी घाटातून घरी."

त्याचं क्वार्टर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या रांगेत पहिलंच होतं. वडील गेल्यावर त्याने गावाहून आईला आणलं. सोमीबाई. लहानखुरी, काटक, हातांवर गोंदण. मराठी समजायची, बोलायची बेतानं. नामदेव क्लासला आला की ती कधी कधी मागोमाग येऊन पायरीवर बसे आणि आमच्याकडे पाठ करून जाळीकडे पाहत राही.

एकदा तिने मला विचारलं, "त्याले कोणी बंद नाई करत का?"

"बंद नाही करता येत, बाई. सगळ्यांची लाईट जाईल."

तिने थोडा विचार केला. "थकत नसन का?"

मी हसलो. त्या वयात मी बऱ्याच ठिकाणी हसलो, जिथे गप्प बसायला हवं होतं.

दीड-एक वर्षाने सोमीबाई गेली. एवढ्याशा तापाचं निमित्त झालं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी क्लबच्या वार्षिक समारंभाला मोठ्या शहरातून एक संगीततज्ज्ञ पाहुणे म्हणून आले. शाल झाली, श्रीफळ झालं, परिचय झाला. परिचय इतका लांबला की पाहुण्यांनाही त्यात नवीन माहिती मिळाली असावी. मग ते नादब्रह्मावर बोलले. पंख्याच्या आवाजात ब्रह्म नीटसं ऐकू आलं नाही. त्यानंतर माझे बारा विद्यार्थी एका ओळीत बसले आणि त्यांनी स्केल वाजवलं, एकसाथ, हलक्या बोटांनी. मला ते सुंदर वाटलं. आजही वाटतं.

पाहुण्यांनी खिशातून काड्यापेटीएवढं यंत्र काढलं. सूर मोजण्याचं. त्यात एक काटा होता. सूर बरोबर असला की तो मधोमध उभा राहून हिरवा दिवा लागे. ते एकेका गिटारीजवळ यंत्र धरत गेले. काटा बारा वेळा एकाच बाजूला पडला.

"कमाल आहे," ते माईकवर म्हणाले. "अख्खा वर्ग चुकला आहे, आणि तोही एकमताने."

लोक हसले. ते बरोबर होते, यातच सगळं दुःख होतं. चुकले असते तर मी त्यांना विसरून गेलो असतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी नागपूरहून तसं यंत्र आणवलं. सगळ्या गिटारी वर चढवल्या. मुलांची बोटं सोलली, तारा तुटल्या, एप्रिलमध्ये दोन दांड्या वाकल्या. मी म्हणत असे, काटा मधे आला की सूर बरोबर, बाकी चर्चा नको. जाळीकडे कुणी कान लावला तर मी रागवायचो. नव्याने शुद्ध झालेला माणूस जेवढा कडक असतो तेवढा जन्मजात शुद्ध माणूस कधी नसतो.

अशा दिवसांत नामदेव एका संध्याकाळी कॅसेट घेऊन आला. सोबत त्याचा टेपरेकॉर्डरही होता.

"यायोचा आवाज हाये," तो म्हणाला. यायो म्हणजे गोंडीत आई. "ते सयपाकघरात एकटी गात राह्ये. मी एक दिवस गुपचूप फळीवर टेप लावून ठेवला होता. तिले माहीतच नाई."

त्याच्या मुलीचं, रोशनीचं, लग्न ठरलं होतं. गाणं मुलीला सासरी पाठवतानाचं होतं. गावाकडे हे गाणं आजीने सुरू करायचं असतं, असं तो म्हणाला. आजी नव्हती. म्हणून मांडवात ही कॅसेट लावायची आणि तिच्याखाली त्याने गिटार वाजवायची, असा त्याचा बेत होता.

"गाणं नाई वाजवत मी, सर. नुसते तिचे सूर धरून चालतो. स्केलच हाये ना ते? ते म्हणन, मी खालून धरीन. पोरीले वाटलं पाह्यजे का दोघं मिळून पाठवून राह्यले."

टेप लावला. सोमीबाईचा आवाज आला, बारीक आणि सरळ, मागे भांड्यांचे आवाज. पाच सुरांत फिरणारं गाणं. मी गिटार घेऊन तिचा सा शोधू लागलो. एका फ्रेटवर तो खाली पडे, पुढच्या फ्रेटवर वर जाई. फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या. सूर तिथेच मिळतात, दोन पट्ट्यांच्या मधे काही मिळत नाही. आणि सोमीबाई नेमकी मधे होती. मी यंत्र टेपजवळ धरलं. काटा बाजूला पडला.

तारा थोड्या सैल केल्या असत्या तर काम झालं असतं. ते मला कळत होतं का? कळत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी त्या दिवसांत काट्याच्या बाजूने होतो.

"नामदेव भाऊ," मी म्हणालो, "आवाज गोड आहे. पण सूर जरा उतरलेला आहे आईंचा. हा सूर गिटारवर नाही."

तो यंत्राकडे पाहत राहिला. "बेसूर हाये मंता का?"

"बेसूर असं नाही. पण बरोबर जागेवर नाही."

"तेच ना." त्याने टेप बंद केला, कॅसेट काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "हे तुमच्यापाशीच राहू द्या."

"अहो, घेऊन जा ना. लग्नात नुसती लावा."

"नाई सर. आतापर्यंत मी ऐको तर मले यायो दिसे. आता लावली का तो काटाच दिसन."

टेपरेकॉर्डर काखेत घेऊन तो गेला. क्लासला यायचा बंद झाला. बस चालवताना दिसे. मी हात करी, तो हॉर्न देई. पण तो हॉर्न तो सगळ्यांनाच देत असे.

कॅसेट माझ्या कपाटात राहिली. लग्नाला पंधरा-वीस दिवस उरले असतील, एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ती घरच्या टेपवर लावली. का लावली, सांगता येत नाही. बहुधा आपण बरोबर होतो याची खात्री करून घ्यायला. माणूस जुनी चूक उघडून पाहतो तो याच आशेने. गाणं झालं, भांडी झाली, पुढे नुसती कॅसेट फिरत राहिली. मला डुलकी लागली असावी.

माझी बायको वरोऱ्याची. तिला संगीत कळत नाही, असं तिचं म्हणणं. ती आतून ओरडली, "गाणं सपलं ना? मग कायले चालू ठेवली? ट्रान्सफॉर्मरच ऐकाचा हाये तर बाहेर जाऊन बसा ना!"

मी उठून बसलो.

टेपमधून तोच आवाज येत होता. भांडी थांबल्यावर, गाणं संपल्यावर, खाली अखंड घुमत राहिलेला. नामदेवच्या स्वयंपाकघराची खिडकी जाळीकडे उघडत होती. शिवाय टेप विजेवर लावलेला, त्याची स्वतःची घरघर त्याच सुराची.

मी कॅसेट मागे नेली, गिटार घेतली आणि कित्येक महिन्यांनी पाचव्या तारेची खुंटी उलटी पिळली. वाँव, वाँव, वाँव. डुलणं थांबलं. मग बाकीच्या तारा तिच्याशी जुळवल्या, आणि गाणं लावलं.

सोमीबाईचा सा जाळीमागच्या सा वर होता. बरोब्बर. कुठेही केसभर इकडे-तिकडे नाही. पाचातले चार सूर माझ्या फ्रेटवर आपण होऊन येऊन बसले. एक सूर तेवढा तिचा स्वतःचा होता. त्याला फ्रेट नव्हता. तिथे तार किंचित ओढावी लागे, आणि सैल तार ओढली जाते. बायको दारात येऊन उभी राहिली. "हे कोण बाई गाऊन राह्यली?" तिने विचारलं. "मघाशी तर अशी नव्हती गात."

सोमवारी दुपारी मी गिटार घेऊन नामदेवच्या क्वार्टरवर गेलो. तो दुसऱ्या शिफ्टच्या बसवर निघायच्या तयारीत होता, खाकी शर्टाची बटणं लावत. मी काही न बोलता कॅसेट त्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि खालून तिचे सूर धरत गेलो. गाणं संपेपर्यंत त्याचा हात चौथ्या बटणावरच होता.

"म्हणजे यायो बरोबर होती," तो म्हणाला.

"बरोबर होती. मी तार वर ठेवून बसलो होतो."

"मंग तो यंत्रवाला पाहुणा चुकला का?"

"नाही. तोही बरोबर होता."

"मंग चुकलं कोण?"

"मीच."

त्याने बटण लावलं. "बरं झालं. एवढ्या जणांत एकच चुकला." आणि मग दारातून, मागे न पाहता, "तो मधला सूर, ओढाचा, तो पुन्हा दाखवजा सर. उद्या येतो."

पंधरा दिवस तो रोज आला. एकच स्केल, पाच सुरांचं, चढ आणि उतार. त्या जाड बोटांनी तो ओढीचा सूर त्याला माझ्याआधी साधला. मी दाबून ओढत होतो. तो नुसता कलत असे, वळणावर गाडी कलावी तसा.

लग्नाला मी नामदेवच्या गावी गेलो. आदल्या दिवशी दुपारी, हिरव्या डहाळ्यांच्या मांडवात, टेपरेकॉर्डर सेल घालून एका उलट्या टोपलीवर ठेवला होता. रोशनी मधे बसली होती, हळदीने पिवळी. माझी ओळख करून देताना कुणीतरी "मोठे संगीतकार" म्हणालं. सुदैवाने भाषण करायची पद्धत तिथे नव्हती. नामदेवने कॅसेटमधल्या घुमण्याशी तार जुळवली, कॅसेट मागे नेली, कळ दाबली, आणि सोमीबाई गायला लागली. खालून तिच्या मुलाने तिला धरलं. आधी बायका दचकल्या. मग एक एक जण गुणगुणू लागली. रोशनीने डोळे मिटून घेतले आणि गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत.

गाणं संपलं. मग नामदेवची आत्या, सोमीबाईची नणंद, म्हातारी चंदीबाई, टेपकडे बोट करून म्हणाली, "आवाज वहिनीचाच हाये. पण ते एवढ्या खाली नव्हती गात."

नामदेवचा चेहरा उतरला. मी गिटारच्या दांडीकडे पाहू लागलो.

"इथी ते उंच गाये," चंदीबाई म्हणाली. "आमी चार-पाच जणी. एकीनं उचललं का दुसरी धरे, तिसरी त्याच्याही वर नेये. सूर का एकटीचा असते?" तिने टेपवर हात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. "तिथी तिले धराले कोण होतं रे, नामा?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते द्यायचा अधिकार माझा नव्हता. नामदेवने गिटार खाली ठेवली.

"होता आत्या, एक," तो म्हणाला. "दिवसभर एकाच सुरात धरून राह्ये. थकत नाई तो."

यंत्र मी नंतर क्लबच्या पेटीवाल्यांना देऊन टाकलं. आमचं बोलणं सुरू झालं. आता तशी यंत्रं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, हिरवा दिवाही आहे, आणि येणारी मुलं गिटार सुरात लावूनच येतात. मला दोष काढायला जागा ठेवत नाहीत. बाहेर वाजवायचं तर जगाच्या सुरात वाजवायला हवं, हे मीच त्यांना सांगतो. क्लास आता माझा एक विद्यार्थी चालवतो. माझ्या घरी एक जुनी प्लायवूडची गिटार आहे, सैल तारांची. तिची दांडी अजून सरळ आहे.

नामदेव निवृत्त होऊन गावी गेला. पेन्शनच्या कामाला वर्षातून एक-दोनदा ऊर्जानगरला येतो तेव्हा माझ्याकडे उतरतो. चहा झाला की ती गिटार घेऊन क्लबच्या मागच्या पायरीवर जातो, आणि मीही त्याच्या मागोमाग जाऊन बसतो. तो जाळीकडे तोंड करतो, खुंटी पिळतो. वाँव, वाँव. घाई करत नाही. डुलणं थांबलं की मान हलवतो, कुणीतरी आतून ओ दिल्यासारखी, आणि मगच चढायला सुरुवात करतो.